भेटवस्तू-व्यवसायातील कार्ड फसवणूक

चोरीच्या क्रेडिट कार्डाचा नंबर वापरून ऑनलाइन भेटवस्तू मागवायची आणि माल हाती येताच विकून मोकळे व्हायचे, असा हा प्रकार. खरा कार्डधारक स्टेटमेंट पाहून बँकेकडे तक्रार करतो, तेव्हा ती रक्कम दुकानदाराकडून परत वसूल होते. याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा व मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारीला बहुतेक बाबतीत १२० दिवसांपर्यंत मुदत असते. राखीला गेलेल्या मालाचे पैसे दिवाळीत परत जाऊ शकतात. माल गेलेला असतोच, वर शुल्कही बसते. ३,००० रुपयांच्या हॅम्परला खरेदी, पॅकिंग व कुरिअर धरून २,४०० रुपये पडत असतील, तर एका फसव्या ऑर्डरचा खड्डा भरायला तसेच चार हॅम्पर विकावे लागतात.

नेहमीची खूण निकामी का ठरते

इतर व्यवसायांत बिलाचा पत्ता एक आणि माल पोहोचवायचा दुसरा असला की शंका घेतात. भेटवस्तूंच्या धंद्यात हे दोन पत्ते वेगळेच असायचे. मुलगा न्यू जर्सीत, आई-वडील नागपुरात धरमपेठेत. ऑर्डर पहाटे येते, कारण तिथली घड्याळे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतात. अशी ऑर्डर नुसत्या संशयावरून रद्द केली तर चांगले गिऱ्हाईक कायमचे तुटते. म्हणून पत्ते जुळवत बसण्यापेक्षा, ही भेट घेणारे माणूस खरोखर आहे का, हे तपासावे.

खऱ्या भेटीसोबत बहुधा घरगुती मजकूर असतो, वाढदिवसाची किंवा सणाची तारीख ठरलेली असते, घेणाऱ्याचा वेगळा फोन नंबर असतो. त्या नंबरवर फोन करून ‘तुमच्यासाठी पार्सल आहे, कोणाकडून अपेक्षित आहे?’ एवढे विचारले तरी बहुतेक उलगडा होतो. पाठवणाऱ्याचे नाव आपण आधी सांगू नये. फसव्या ऑर्डरीत शुभेच्छांची जागा बहुधा कोरी असते, देणाऱ्या-घेणाऱ्याचा मोबाइल एकच असतो, आजच्या आज माल हवा असतो. पैसे भरल्यावर पत्ता बदलायला सांगणे ही सर्वांत ठळक खूण. ‘डिलिव्हरीवाल्याला व्हरायटी चौकात पाठवा, मी तिथेच घेतो’ असे कोणी म्हटले तर माल परत दुकानात आणावा.

संत्रा बर्फी, केक, फुले नाशवंत असल्याने चोराच्या फारशा कामाची नसतात. चांदीची नाणी, गिफ्ट व्हाउचर, घड्याळे, इअरफोन लगेच विकले जातात. खरी कडक तपासणी तिथे हवी. पाच-दहा मिनिटांत वेगवेगळ्या कार्डांवरून किरकोळ रकमांचे प्रयत्न दिसले, तर चोरीची कार्डे चालतात का हे कोणीतरी आपल्या वेबसाइटवर तपासत आहे, असे समजावे. पेमेंट गेटवेला, म्हणजे वेबसाइटवर कार्डाचे पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेला, सांगून प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा घालून घ्यावी.

ओटीपी आणि परदेशी कार्डे

रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. ओटीपी त्यातूनच रुळला. अशी पडताळणी झालेल्या व्यवहारात कार्ड चोरीचे निघाल्यास जबाबदारी साधारणतः कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. ‘माल मिळालाच नाही’ या तक्रारीला मात्र हे संरक्षण नाही. परदेशात दिलेल्या कार्डांना ही सक्ती लागू नाही आणि भोक तिथेच आहे. परदेशी गिऱ्हाईक नसेल तर गेटवेमधील आंतरराष्ट्रीय कार्डांची सोय बंदच ठेवावी. असेल तर पडताळणी झालेलेच व्यवहार स्वीकारावेत.

महागड्या ऑर्डरची रक्कम आधी फक्त मंजूर करून रोखून ठेवावी आणि तपासणीनंतरच खात्यात घ्यावी. बऱ्याच गेटवेत ही सोय असते. संशय पक्का झाला तर मंजुरी सोडून देता येते, आणि खऱ्या मालकाने तक्रार करण्याआधीच प्रकरण मिटते. व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो किंवा फोनवर सीव्हीव्ही कधीही घेऊ नये.

परतावा ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर करावा. ‘चुकून जास्त भरले, उरलेले यूपीआयने पाठवा’ किंवा ‘आमच्या कुरिअरवाल्याला तुम्हीच पैसे द्या’ ही सरळ लूट असते. पाठवलेले पैसे गेलेलेच, आणि पुढे मूळ रकमेचा चार्जबॅकही येतो.

तक्रार आल्यावर

सगळेच चार्जबॅक चोरीचे नसतात. दुकानाची पाटी एका नावाची आणि स्टेटमेंटवर मालकाचे नाव, अशा गोंधळात प्रामाणिक गिऱ्हाईकही पैसे नाकारते. गेटवेला सांगून पाटीवरचेच नाव स्टेटमेंटवर आणावे. उत्तर द्यायला मोजकेच दिवस मिळतात. त्यामुळे बिल, ऑर्डरचा आयपी पत्ता (ती कोणत्या इंटरनेट जोडणीवरून आली तो क्रमांक), डिलिव्हरीच्या वेळचा ओटीपी किंवा सही आणि गिऱ्हाईकाशी झालेला पत्रव्यवहार प्रत्येक ऑर्डरसोबत किमान सहा महिने जपावा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लगेच तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक गेटवेलाही कळवावा. माल वाटेत असेल तर त्याआधी कुरिअरला फोन करून पार्सल थांबवावे.