बांधीव टबाच्या जागी फ्रीस्टँडिंग टब: ठरवण्याआधी वाचा

फ्रीस्टँडिंग, म्हणजे भिंतीला न टेकता मोकळा उभा राहणारा टब घ्यायचा ठरला की ग्राहक आधी आम्हाला टबाचा फोटो दाखवतात. आम्ही मात्र आधी बाथरूमची जमीन पाहायला येतो. बांधीव टबाखाली बहुतेक ठिकाणी टाइल बसवलेली नसते आणि वॉटरप्रूफिंगही नसतं. भिंतीच्या टाइलसुद्धा टबाच्या काठापासून वर सुरू होतात. जुना टब उचलला की खाली उघडा कोबा आणि भिंतीला नुसतं प्लास्टर, एवढंच उरतं. नवा टब चारी बाजूंनी मोकळा असल्यामुळे ही सगळी जागा दिसणार आणि तिच्यावर पाणीही सांडणार. म्हणून खर्चाचा अंदाज देताना आम्ही टबाइतकंच जमिनीचं काम धरतो.

ड्रेन कुठे येतो ते पाहा

जुन्या टबाचा ड्रेन सहसा एका टोकाला, नळाखाली असतो. बऱ्याच फ्रीस्टँडिंग टबांचा ड्रेन मधोमध असतो. मग पाइप सरकवावा लागतो आणि त्याला उतार लागतो: दर मीटरला साधारण 2 सेंटिमीटर. जमिनीच्या भरावात तेवढी खोली नसेल, तर टबाची जागा बदलणं किंवा टोकाला ड्रेन असलेलं मॉडेल निवडणं हाच योग्य मार्ग. पाइपसाठी स्लॅबची सळई कापायला आम्ही तयार होत नाही. तुम्हीही कुणाला कापू देऊ नका.

एकदा टब बसला की खालच्या जोडापर्यंत हात पोहोचणं अवघड असतं. म्हणून टाइल लावण्याआधी वॉटरप्रूफिंगवर 24 तास पाणी भरून ठेवतो आणि पातळी उतरते का ते पाहतो. टब जोडल्यावर तो काठोकाठ नाही, पण ओव्हरफ्लोपर्यंत (जादा पाणी बाहेर जाण्यासाठी काठाखाली असलेल्या भोकापर्यंत) भरतो, सगळं पाणी एकदम सोडतो आणि पाणी जात असताना प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवतो. डोळ्यांना न दिसणारी गळती टिश्यूवर लगेच उमटते. ही चाचणी तुमच्यासमोरच व्हावी असा आमचा आग्रह असतो.

वजन आणि गरम पाणी

अॅक्रिलिकचा टब हलका असतो, दोन माणसं उचलतात. बिडाचा टब रिकामाच दीडशे किलोच्या आसपास भरू शकतो. त्यात 200 लिटर पाणी म्हणजे आणखी 200 किलो, वर माणसाचं वजन. पाय असलेल्या टबात हा सगळा भार चार ठिकाणी एकवटतो. वरच्या मजल्यावर बिडाचा किंवा दगडी टब हवा असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्या.

गरम पाण्याचा हिशोब ग्राहक हमखास विसरतात. थंड पाणी 25 अंशांचं आणि गिझरमधलं 60 अंशांचं असेल, तर 40 अंशांचा 200 लिटरचा टब भरायला सुमारे 85 लिटर गरम पाणी लागतं. टाकी लहान असेल तर टब अर्धा भरेपर्यंतच पाणी कोमट व्हायला लागतं.

आम्ही कधी नको म्हणतो

घरातला एकमेव शॉवर त्या टबावरच असेल, तर बांधीव टब राहू द्या. मोकळ्या टबात उभं राहून रोज आंघोळ केली की पाणी चहूकडे उडतं. घरात वयस्कर माणसं असतील तरी नीट विचार करा, कारण काठ उंच असतो आणि आधाराचा दांडा लावायला भिंत हाताशी नसते.

आम्ही येण्याआधी एवढं करून ठेवा. टबाच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद जोडून जमिनीवर पसरा, दार पूर्ण उघडून पाहा, भोवती फिरून पाहा. भिंतीपासून निदान 10 ते 15 सेंटिमीटर जागा हवी, नाहीतर मागे साचलेले केस आणि साबणाचा थर पुसायला हात जाणार नाही. दाराची मोकळी रुंदी आणि जिन्याचं वळणही मोजून ठेवा, म्हणजे टब आत कसा न्यायचा ते पहिल्याच भेटीत ठरवता येईल.