लिनक्स इन्स्टॉल करताना डिस्क का दिसत नाही?

इन्स्टॉलर डिस्क निवडायच्या टप्प्यावर येतो आणि यादीत फक्त पेन ड्राइव्ह असतो. लॅपटॉपच्या एसएसडीचा पत्ताच नसतो. डिस्क गेली, अशी भीती वाटते. पण अनेकदा ती धडधाकट असते. ती ज्या कंट्रोलरमागे, म्हणजे डिस्क संगणकाला जोडणाऱ्या चिपमागे, बसली आहे, तो कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ओळखता येत नाही, एवढंच.

हा प्रश्न लिनक्सइतकाच जुना आहे. २५ ऑगस्ट १९९१ ला लिनस टोरवाल्ड्सने आपल्या प्रणालीची घोषणा केली, तेव्हाच सांगून टाकलं होतं की एटी (तेव्हाच्या पीसीत असायची त्या प्रकारच्या) हार्ड डिस्कखेरीज दुसरं काही तिच्यावर बहुधा कधी चालणार नाही. त्याच्याकडे तेवढीच होती. पुढे स्कझी या दुसऱ्या पद्धतीने डिस्क जोडणारी कार्डं आली आणि कार्डानुसार वेगळी बूट फ्लॉपी शोधावी लागे. २००४ मध्ये एएचसीआय हे मानक आलं आणि कुठल्याही कंपनीच्या साटा (डिस्क जोडण्याची आणखी एक पद्धत) कंट्रोलरला एकच ड्रायव्हर पुरू लागला. एनव्हीएमईचं, म्हणजे आजच्या वेगवान एसएसडींचं, मानक २०११ चं. पुढच्याच वर्षी कर्नल ३.३ मध्ये त्याचा ड्रायव्हर होता.

मग आजही डिस्क का हरवते? मुख्य कारण इंटेलचं आरएसटी हे डिस्क सांभाळणारं तंत्र. बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) त्याचा 'रेड' मोड चालू असला की एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरच्या आड दडवली जाते. पीसीआय बसवर, म्हणजे उपकरणं जोडणाऱ्या मार्गावर, ती स्वतंत्रपणे दिसतच नाही, मग ड्रायव्हर असून उपयोग काय? २०१६ मध्ये लेनोवोच्या योगा ९०० वर नेमकं हेच झालं. बायोसमध्ये एएचसीआयचा पर्यायच नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने नवं बायोस दिलं. कर्नलमध्ये मात्र दडलेली डिस्क सापडल्याची आणि मोड बदलण्याची सूचना तेवढी आली. म्हणून माझ्या मते पहिली तपासणी डीमेसेजची (dmesg), म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीची; सूचनेची ती ओळ तिथे असेल, तर पुढचा शोध वाचतो.

प्रोसेसरच्या अकराव्या पिढीपासून इंटेलने लॅपटॉपवर व्हीएमडी हे डिस्क आपल्या आड ठेवणारं दुसरं तंत्र आणलं. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये २०१६ पासून आहे, पण तो सर्व्हरसाठी लिहिलेला होता. त्यामुळे जुन्या कर्नलच्या आयएसओवर (इन्स्टॉलरच्या फाइलवर) डिस्क दिसत नाही, नव्यावर दिसू शकते. विंडोजचा इन्स्टॉलरही अशा मशीनवर वेगळा ड्रायव्हर मागतो, म्हणजे दोष एकट्या लिनक्सचा नाही.

मोड बदलण्याआधी एक काळजी नक्की घ्या. त्याच डिस्कवर विंडोज असेल तर थेट एएचसीआय केल्यावर ते सुरू होत नाही. आधी सेफ मोडमध्ये बूट होण्याची सोय करून ठेवा, मग बायोसमध्ये बदल करा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की त्याहीआधी दुसरीकडे उतरवून घ्या.