पांढरी कोंबडी खुडूक बसत नाही

गोव्यातल्या चिकनच्या दुकानासमोर पिंजऱ्यात दोन तऱ्हेच्या कोंबड्या दिसतात. एक मांसासाठी वाढवलेली ब्रॉयलर, जाडजूड, जेमतेम सहा आठवड्यांची. दुसरी अंगानं किरकोळ, पिसं झडलेली, फिकट तुरा एका बाजूला कललेली पांढरी लेयर. ती वर्षभराहून जास्त काळ तारेच्या पिंजऱ्यात अंडी घालत असते. साधारण ७२ ते ८० आठवड्यांची झाली की अंडी कमी होतात आणि तिला वजनावर विकून टाकतात. घाटापलीकडून येणाऱ्या ट्रकमधून अशी एखादी कोंबडी रस्त्यावर पडते, एखादीला कुणी दुकानदाराला पैसे देऊन सोडवून आणतं. मग डिचोली, सत्तरी किंवा पेडण्यातल्या कुणाच्या तरी परसात, गावठी कोंबड्यांच्या शेजारी, तिचं दुसरं आयुष्य सुरू होतं.

पिंजरा सुटला तरी तिच्या शरीरावरचा भार मात्र तसाच राहतो. कोंबडीची मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडी. ती वर्षाला दहापंधरा अंडी घालते, पिल्लं काढायची तेवढीच. लेयर निवडपैदाशीतून वर्षाला ३०० च्या वर अंडी घालते. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि कोंबडीच्या सगळ्या सांगाड्यात मिळून साधारण २० ग्रॅम. खाद्यातून पुरेसं मिळालं नाही, तर ते हाडांतून काढलं जातं. म्हणून या कोंबड्यांची हाडं ठिसूळ असतात, आणि छातीचं मधलं हाड वाकलेलं किंवा पूर्वी कधीतरी मोडून तसंच जुळलेलं हाताला लागतं. पहिल्या दिवशी तिला उंच दांड्यावर बसवायला जाऊ नये. वीतभर उंचीची फळी पुरते. तिसऱ्यांची किंवा कालवांची शिंपलं स्वच्छ धुऊन, वाळवून, जाडसर कुटून वेगळ्या वाडग्यात ठेवली, तर तिला लागेल तेवढं कॅल्शियम ती स्वतः खाते. गोव्यातल्या घरात ही वस्तू विकत आणावी लागत नाही.

आता आजाराकडे. कोंबडी हा शिकार होणारा पक्षी आहे, शिवाय कळपात तिला मानाची उतरंड असते. नॉर्वेच्या थॉर्लेफ शेल्डरूप-एबे यांनी १९२० च्या दशकात ही चोचीची उतरंड पहिल्यांदा नीट मांडली. कोण कुणाला टोचतं आणि कोण निमूट बाजूला होतं, हे कळपात ठरलेलं असतं. दुबळी दिसली की वरच्या कोंबड्या टोचून हुसकावतात, आणि मुंगूस किंवा ससाणाही तिलाच आधी हेरतो. त्यामुळे कोंबडी दुखणं लपवते, तेही शेवटच्या क्षणापर्यंत. माणूस जवळ गेला की आजारी कोंबडीसुद्धा मान वर करून दोनचार पावलं चालून दाखवते, दाण्यावर चोच मारते, पण दाणा उचलतच नाही. ती खरी कशी आहे हे पाहायचं असेल, तर खिडकीआडून पाहावं. भर दुपारी, बाकीच्या माती उकरत असताना, एकटी कोपऱ्यात उभी. पिसं फुगवलेली, मान खांद्यात ओढलेली, शेपटी खाली. डोळ्याची पापणी खालून वर हळूहळू मिटते, पुन्हा उघडते, पुन्हा मिटते. हे चित्र दिसलं की उद्यापर्यंत थांबू नये.

नेमकी इथेच आपल्याकडे मोठी गफलत होते. गावठी कोंबड्या पाहत वाढलेली शेजारची आजी अंगणातून एक नजर टाकते आणि म्हणते, "अगो, खुडूक बसलीय ती. पाण्यात बुडवून काढ, उठेल." आजींचा अनुभव खोटा नाही. गावठी कोंबडी खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडते, तेव्हा ती खरंच फुगते, जागा सोडत नाही, तिचा तुरा फिकट होतो, अंडी थांबतात. पण लेयरमध्ये खुडूक बसण्याची ओढ पैदाशीतून जवळजवळ काढून टाकलेली आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी घालत नाही. म्हणून पांढरी कोंबडी दिवसभर फुगून बसली असेल, तर ती आजारी आहे असंच धरून चालावं. खुडूक कोंबडी हात नेला की गुरगुरते, चोच मारते, दिवसातून एकदा उठून खाऊन येते. आजारी कोंबडी हात लावू देते. आणि कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असल्यामुळे, आजारी असताना थंड पाण्यात बुडवणं तिच्या जिवावर बेतू शकतं.

रोज पाहायच्या गोष्टी फार नाहीत, पण रोज पाहायला हव्यात. संध्याकाळी खुराड्यात शिरताना मानेखालची, छातीच्या उजव्या अंगाची धान्याची पिशवी भरलेली हवी आणि पहाटे दाणा टाकायच्या आधी ती रिकामी हवी. सकाळीही ती फुगलेली, पाणी भरल्यासारखी लागली आणि चोचीतून आंबूस वास आला, तर आत बुरशी माजली आहे. आठवड्यातून एकदा वजन करावं. पांढरी लेयर साधारण दीड किलोची असते, त्यात शंभर-दीडशे ग्रॅमची घट ही दखल घेण्याजोगी बाब आहे. पिसांमुळे डोळ्यांना हे कळत नाही, काट्यावर कळतं. विष्ठेची चांगली ओळख करून घ्यावी. नेहमीची विष्ठा करडी-तपकिरी, वर पांढरी टोपी. मधूनच एखादी चिकट, मोहरीच्या रंगाची, घाण वास मारणारी येते, ती आतड्याच्या आंधळ्या, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या, पिशव्यांतून येते आणि निरोगी असते. नवी माणसं तिला जुलाब समजून घाबरतात. रक्त, हिरवट पाणी किंवा नुसतं पांढरं पाणी सतत दिसलं, तर मात्र घाबरायला हवं.

सोडवून आणलेल्या लेयरचा सर्वात मोठा वैरी तिची अंडनलिकाच आहे. कोंबडीचा फक्त डावा अंडाशय काम करतो. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर येईपर्यंत २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसेक तास कवच चढण्यात जातात. इतक्या वेळा चाललेल्या या कामात कधीतरी चूक होते. बलक नलिकेत न पडता पोटात पडतो, तिथे ई. कोलाय जंतू पोचतात आणि पोटाला आतून सूज येते. सुरुवातीला पातळ किंवा कवच नसलेली अंडी येतात, मग अंडी थांबतात. कोंबडी पाय फाकून, अंग ताठ उभं धरून चालते. शेपटीखालचं पोट हाताला गरम आणि पाणी भरलेलं लागतं. डॉक्टर सुईनं ते पाणी काढू शकतात, त्यानं श्वासाला मोकळीक मिळते, पण बहुतेकदा ते पुन्हा भरतं. अंडं अडकलं असेल तर ती वारंवार घरट्यात जाते, जोर करते, काहीच येत नाही. तेव्हा कोमट पाण्यात पंधरावीस मिनिटं शेपटीकडचा भाग बुडवून बसवावं, पुसून कोरडं करून अंधाऱ्या उबदार जागी ठेवावं आणि काही तासांत अंडं आलं नाही तर डॉक्टरांकडे न्यावं. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नये, आत फुटलं तर कोंबडी हातची जाते.

अंडाशयाचा कर्करोगही या कोंबड्यांत इतक्या आपोआप आणि इतक्या प्रमाणात होतो की माणसांतल्या त्याच रोगाच्या संशोधनासाठी शास्त्रज्ञ कोंबडीचाच अभ्यास करतात. दोन वर्षं पार केलेली लेयर कुरकुर न करता बारीक होत गेली आणि पोट मात्र वाढत गेलं, तर ही शक्यता ध्यानात ठेवावी.

बाकीचे आजार गोव्याच्या हवेशी बांधलेले आहेत. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर जमीन वाळतच नाही. ओल्या भुशात कॉक्सिडिया नावाच्या परजीवीची अंडी एकदोन दिवसांत संसर्गक्षम होतात आणि विष्ठेत रक्त दिसू लागतं. खुराड्यात भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा कोरडा ठेवणं हा यावरचा अर्धा उपाय, उरलेला अर्धा डॉक्टरांनी दिलेलं अँप्रोलियम हे औषध. पावसाळ्यात खाद्यही बुरसटतं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या, तेव्हा बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीतून अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. ते यकृत पोखरतं. कुबट वास येणारा मका किंवा पेंड उन्हात वाळवून खपवू नये, टाकून द्यावी, कारण उन्हानं विष पूर्ण जात नाही. डासांबरोबर कोंबड्यांची देवी येते, तुऱ्यावर काळपट खपल्या धरतात. त्या ओढून काढू नयेत. नुसत्या खपल्या असतील तर बहुतेकदा आपोआप बऱ्या होतात, घशात पिवळट थर दिसला तर प्रकरण गंभीर. जांभ्या दगडाच्या खरखरीत पायऱ्यांवरून उड्या मारणाऱ्या जड कोंबडीच्या तळव्याला काळा डाग आणि सूज येते. तिथे पू आहे, आणि तो घट्ट असल्यामुळे पिळून निघत नाही.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, हिच्यासाठी मी वेगळं बजावून सांगते. मान वळते, हिरवट जुलाब होतात, श्वास अडखळतो आणि गावठी कळप दोनचार दिवसांत रिकामा होतो. रोग झाल्यावर औषध नाही, आधी दिलेली लस आहे. पिंजऱ्यातून आलेल्या लेयरला बहुधा फार्मवर लस मिळालेली असते, परसातल्या गावठी कोंबड्यांना मिळालेली नसते. म्हणून नवी कोंबडी महिनाभर वेगळी ठेवावी आणि आधीच्या कळपाला लस द्यावी.

पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची चोच बहुतेकदा कापलेली असते. बोथट चोचीनं तिला पिसं नीट साफ करता येत नाहीत, त्यामुळे उवा आणि कोळी (माइट नावाचे बारीक परजीवी) तिच्यावर जास्त माजतात. लाल कोळी दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात, म्हणून पाहणी रात्री विजेरी घेऊन करावी. छपराखाली कोरडी माती आणि चुलीची राख मिसळून लोळायला द्यावी. दाणाही खोल भांड्यात द्यावा, सपाट जमिनीवरचा तिला नीट उचलता येत नाही.

आजारी कोंबडीला घरात घेतलं की पहिली गरज उबेची. पुठ्ठ्याच्या खोक्याला एका बाजूनं चाळीस वॉटचा जुन्या पद्धतीचा, तापणारा दिवा, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे गरम झालं तर तिला सरकता येतं. औषध किंवा पाणी ओतू नये. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं, घोटभर पाणी थेट तिथे जातं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा, ती स्वतः गिळते. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, नसतं; छाती हलली तरच हवा आत जाते. मायेनं घट्ट धरलेली कोंबडी गुदमरू शकते. हात पंखांवर ठेवावा, छातीवर नाही.

तिला वेदना होतात का, असं अजूनही विचारलं जातं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लंगड्या ब्रॉयलरांपुढे साधं आणि वेदनाशामक मिसळलेलं अशी दोन खाद्यं ठेवली. लंगड्या पक्ष्यांनी औषधाचं खाद्य जास्त खाल्लं, आणि लंगडणं जितकं वाईट तितकं जास्त. माझ्या मते हा प्रश्न तिथेच मिटतो. पण म्हणून घरातली गोळी देऊ नये. गिधाडांचा घात करणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक कोंबडीच्याही मूत्रपिंडाला सोसत नाही. डॉक्टर मेलॉक्सिकॅम मापून देतात. अँटिबायोटिकही त्यांनी सांगितल्याशिवाय नको, आणि ते चालू असताना व नंतर त्यांनी सांगितलेले दिवस तिची अंडी कुणालाच खाऊ घालू नयेत.

काही कोंबड्या वाचत नाहीत. जी दोन दिवस दाणा घेत नाही, उभी राहत नाही, उघड्या चोचीनं श्वास घेते आणि जिच्या पोटात पाणी पुन्हा पुन्हा भरतं, तिला डॉक्टरांच्या हातून शांतपणे जाऊ देणं हाही उपचार आहे, आणि तो मागायला संकोचू नये. कुणी म्हणेल, कोंबडीसाठी एवढं कशाला. ज्यानं तिला सांभाळलं त्याला त्याचं उत्तर द्यायची गरज नाही. एकाच वेळी अनेक पक्षी अचानक मेले, तुरे निळे पडले, तर मात्र हात न लावता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. २००६ साली भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा महाराष्ट्रातल्या नवापूरला आढळला, तोही कोंबड्या मोठ्या संख्येनं मेल्यावरच. एकटी कोंबडी गेली तर शवविच्छेदन होईल का ते त्याच दवाखान्यात विचारावं. शव प्लास्टिकमध्ये गुंडाळून थंड ठेवावं, गोठवू नये, आणि त्याच दिवशी पोचवावं. मागे राहिलेल्यांना लागण होणारं काही होतं की नुसती तिची अंडनलिका थकली होती, हे त्यातून कळतं, आणि पुढच्या आठवड्यात खुराड्यात काय करायचं ते त्यावर ठरतं.