सुएझला जागा हवी होती, पनामाला पाणी

सुएझ आणि पनामा या दोन्ही कालव्यांची मोठी विस्ताराची कामं जेमतेम अकरा महिन्यांच्या अंतराने पूर्ण झाली. सुएझचं उद्घाटन ६ ऑगस्ट २०१५ ला, पनामाचं २६ जून २०१६ ला. तेव्हापासून बातम्यांत आणि स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये दोघांची सरमिसळ चालू आहे. खरं तर एका ठिकाणी माती उपसली गेली आणि दुसऱ्या ठिकाणी प्रचंड यंत्रणा उभी राहिली.

सुएझ हा १८६९ साली खुला झालेला, सपाट वाळवंटातून गेलेला १९३ किलोमीटरचा कालवा. त्यावर एकही लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली नेणारी दरवाजांची कोठी, नाही. अडचण होती ती रुंदीची. बऱ्याच भागात एका वेळी एकाच दिशेने जहाजं जात आणि समोरचा ताफा निघून जाईपर्यंत उरलेली नांगर टाकून थांबत. २०१५ च्या कामात ३५ किलोमीटरचा नवा समांतर मार्ग खणला आणि ३७ किलोमीटर जुना मार्ग खोल व रुंद केला. तीन वर्षांचं ठरलेलं काम इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सिसी यांनी एका वर्षात उरकायला लावलं. पैसा उभा केला तो इजिप्तच्या लोकांना गुंतवणूक प्रमाणपत्रं विकून, सुमारे ६४ अब्ज इजिप्शियन पौंड. दक्षिणेकडे जाणाऱ्या जहाजांचा वेळ १८ तासांवरून ११ तासांवर आला, असं कालवा प्राधिकरण सांगतं. २०२३ पर्यंत रोज ९७ जहाजं नेण्याचं उद्दिष्ट मात्र हुकलं.

मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सुएझमध्ये आडवं अडकलं (त्यावरचे खलाशी सगळे भारतीय होते), तेव्हा अनेकांनी विचारलं, नवा कालवा झाला होता ना? झाला होता, पण बराच उत्तरेला. जहाज रुतलं ते दक्षिण टोकाजवळ, जिथे मार्ग एकेरीच होता. म्हणून त्यानंतर दक्षिणेकडचा ३० किलोमीटरचा पट्टा ४० मीटरने रुंद करायचं आणि दुहेरी मार्ग आणखी १० किलोमीटर वाढवायचं काम निघालं.

पनामाचं सगळं वेगळं. सुएझ खणणाऱ्या फ्रेंच लेसेप्सनेच १८८० च्या दशकात तिथेही समुद्रपातळीचा, बिनलॉकचा कालवा खणायला घेतला आणि डोंगर, पूर, पिवळा ताप यांच्यापुढे त्याची कंपनी बुडाली. पुढे अमेरिकेने चाग्रेस नदी अडवून गाटून तलाव केला आणि १९१४ साली कालवा सुरू झाला. जहाज लॉकच्या पाण्याच्या लिफ्टने सुमारे २६ मीटर वर चढतं, तलाव ओलांडतं आणि पलीकडे उतरतं. तेव्हा नुसती वाट रुंद करून काय होणार? ३३.५ मीटर रुंदीच्या जुन्या लॉकमध्ये मावेल तेवढंच जहाज जाणार. म्हणून २००६ मध्ये सार्वमत घेऊन, जुन्यांना हात न लावता, ४२७ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असे नवे लॉक बांधले: अटलांटिककडे आग्वा क्लारा, पॅसिफिककडे कोकोली. खर्च पाच अब्ज डॉलरच्या वर गेला.

या कामातला सगळ्यात हुशारीचा भाग म्हणजे लॉकशेजारच्या साठवण टाक्या. जुन्या लॉकमधून एक जहाज गेलं की सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. नव्या लॉकमध्ये ६० टक्के पाणी या टाक्यांतून पुन्हा वापरलं जातं. तरी लागतं ते पावसाचंच पाणी, आणि पनामा शहराच्या नळालाही त्याच पाणलोट क्षेत्रातलं. २०२३ च्या दुष्काळात रोजची जहाजं ३६ च्या आसपासवरून वर्षअखेर २२ वर आणावी लागली. सुएझला पाऊस पडला काय, न पडला काय!

न्हावा शेवाहून युरोपला आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाणारा माल एरवी सुएझनेच जातो. म्हणून पनामाच्या दुष्काळाची झळ आपल्या निर्यातदारांना फारशी लागली नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनी जहाजं केप ऑफ गुड होपवरून वळली, त्याची झळ मात्र चांगलीच लागली, आणि त्यावर कालव्याच्या रुंदीचा काही उपाय नव्हता.

पनामाने आता रिओ इंडिओ नदीवर आणखी एक धरण बांधायचं ठरवलंय. त्यात ज्यांची गावं आणि शेतं जाणार, ते शेतकरी विरोधात उभे आहेत.