ईथ० गेलं कुठे: नेटवर्क इंटरफेसच्या नावांची पार्श्वभूमी

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नेटवर्क कार्डं सापडतील त्या क्रमाने त्यांना ईथ०, ईथ१ अशी नावं देतो. २.४ कर्नलपर्यंत ड्रायव्हर ठरलेल्या क्रमाने लोड करून घेता यायचे. मॉड्यूलच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'एलियास ईथ० ई१०००' (ई१००० हे ड्रायव्हरचं नाव) अशी ओळ टाकली की भागत असे. २.६ बरोबर यूडेव्ह (सापडलेल्या उपकरणांची व्यवस्था लावणारा प्रोग्राम) आलं, हार्डवेअरचा शोध समांतर चालू लागला आणि क्रमाची शाश्वती संपली. दोन कार्डांच्या फायरवॉलला हे घातकच होतं: रीबूटनंतर बाहेरची केबल आतल्या नावावर आली, तर नियम उलटे लागणार.

पहिला तोडगा मॅक पत्त्याचा, म्हणजे प्रत्येक कार्डाच्या स्वतःच्या हार्डवेअर क्रमांकाचा. डेबियन आणि उबुंटूत यूडेव्ह नव्याने दिसलेल्या कार्डाचा मॅक '७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स' या फाइलमध्ये आपोआप नोंदवायचं. कार्ड बदललं किंवा व्हर्च्युअल मशीनचा क्लोन काढला की नवा मॅक, म्हणून नवी नोंद, आणि ईथ० ऐवजी ईथ१. कॉन्फिगमध्ये मात्र ईथ०च. त्याहून वाईट म्हणजे यूडेव्हही कर्नलच्याच ईथ० मालिकेतली नावं वाटत होतं. हवं ते नाव दुसऱ्या कार्डाकडे असेल तर ते सुटेपर्यंत थांबायचं, आणि वेळ संपली की कार्ड 'रिनेम२' अशा अर्धवट नावाने अडकायचं.

२०११ मध्ये फेडोरा १५ ने बायोसच्या माहितीवरून ईएम१, पी१पी१ अशी नावं दिली. जानेवारी २०१३ च्या सिस्टमडी १९७ ने (सिस्टमडी म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू करणारी प्रणाली) हाच विचार पुढे नेला: मदरबोर्डवरचं कार्ड ईएनओ१, हॉटप्लग स्लॉटमधलं ईएनएस१, नाहीतर पीसीआय या जोडणीतल्या जागेवरून ईएनपी३एस०.

वाद पेटला तो या नव्या नावांवर. एकच पोर्ट असलेल्या लॅपटॉपवाल्याला ईथ० मध्ये काहीच अडचण नव्हती, त्याला विनाकारण अवघड नाव मिळालं, ही तक्रार खरी आहे. पण चार-सहा पोर्टांच्या सर्व्हरवर बिघडलेलं कार्ड काढून त्याच स्लॉटमध्ये त्याच प्रकारचं दुसरं बसवलं तर नाव तेच राहतं, कॉन्फिगला हात लावावा लागत नाही. हा फायदा मॅकवरच्या नावांत कधीच नव्हता, आणि निर्णयाचं पारडं त्यामुळेच जड ठरतं. फर्मवेअरने, म्हणजे हार्डवेअरमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरने, मात्र घात केला. एका लोकप्रिय व्हर्च्युअल मशीन सॉफ्टवेअरने कार्डाचा इतका मोठा क्रमांक (इंडेक्स) कळवला की नाव ईएनओ१६७७७७३६ झालं. प्रत्यक्ष मशीनवर रिकाम्या एम.२ (डिस्क बसवायच्या) स्लॉटचा पोर्ट बऱ्याचदा फर्मवेअर लपवतं. तिथे एनव्हीएमई डिस्क बसवली की पुढचे पीसीआय बस क्रमांक (नावातला 'पी'नंतरचा आकडा) एकाने सरकतात. ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होतं आणि दूरच्या डेटासेंटरमधलं मशीन नेटवर्कशिवाय उठतं. मग कन्सोलशिवाय उपाय नाही.

२०१८ मध्ये सिस्टमडी २३९ ने एसआर-आयओव्हीसारख्या (एकाच कार्डाचे अनेक भाग करणाऱ्या) तंत्राच्या आभासी पोर्टांची नावं ठरवण्याची रीतच बदलली. स्थिर नावांचं आश्वासन देऊन अपग्रेडमध्ये नावं बदलणं समर्थनीय नव्हतं. पुढच्याच २४० मध्ये नामकरण-पद्धतीची आवृत्ती कर्नलच्या कमांड लाइनवर 'नेट.नेमिंग-स्कीम' ने गोठवण्याची सोय द्यावी लागली. 'नेट.आयएफनेम्स=०' ने जुनी नावं परत येतात, पण सोबत कोणतं कार्ड आधी सापडतं ही जुनी शर्यतही येते; एकापेक्षा जास्त कार्डं असतील तर ते टाळावं.

आज खात्रीचा मार्ग म्हणजे सिस्टमडीच्या डॉट-लिंक फाइलमध्ये कार्डाला आपण ठरवलेलं नाव देणं. जुळणी 'पर्मनंटमॅकअ‍ॅड्रेस' वर करावी. नुसत्या 'मॅकअ‍ॅड्रेस' वर केली तर कार्डाचाच मॅक घेणारे व्हीलॅन आणि ब्रिजसारखे आभासी इंटरफेसही जुळतात. नाव लॅन०, वॅन० असं, १५ अक्षरांच्या आत आणि ईथ० मालिकेबाहेरचं. फाइलचा क्रमांकही ९९-डिफॉल्टच्या आधीचा हवा, कारण जुळणारी पहिलीच फाइल लागू होते. नंतर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी फाइल-व्यवस्था) पुन्हा बनवावं. ते राहिलं तर बूटच्या सुरुवातीलाच कार्डाला डिफॉल्ट नाव मिळतं, आणि तेच पुढे राहू शकतं.