फाफ, जाँ-मारी

फाफ, जाँ-मारी : (४ डिसेंबर १९५३ – ). बेल्जियमचा निवृत्त फुटबॉल गोलरक्षक. जन्म पूर्व फ्लँडर्समधील लेबेके येथे. बेव्हरेन क्लबाकडून त्याने १९७८ मध्ये बेल्जियन चषक आणि १९७९ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवले. देशातील लीगमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा ‘सोनेरी बूट’ही १९७८ मध्ये त्याच्याकडे आला. १९८० च्या युरोपीय स्पर्धेत उपविजेत्या ठरलेल्या बेल्जियमच्या संघाचा तो गोलरक्षक होता.

१९८२ मध्ये तो जर्मनीतील बायर्न म्यूनिक क्लबाकडे गेला. ब्रेमेन येथील त्याचा पहिलाच लीग सामना (२१ ऑगस्ट १९८२) आजही चर्चेत असतो. यजमान वेर्डर ब्रेमेनच्या उवे राइंडर्सने बाजूरेषेवरून केलेला लांबलचक थ्रो-इन (हाताने आत फेकलेला चेंडू) थेट गोलसमोर आला. गर्दीत उडी घेतलेल्या फाफच्या हातांना निसटता लागून चेंडू जाळ्यात गेला आणि बायर्न ०–१ असा हरला. थ्रो-इनचा चेंडू कोणालाही न लागता प्रतिपक्षाच्या जाळ्यात गेल्यास गोल धरला जात नाही, गोलकिक दिली जाते. म्हणजे फाफ हात आखडून उभा राहिला असता तर काहीच बिघडले नसते. याला राइंडर्सचा गोल म्हणण्याची प्रथा आहे. नियम पाहता ‘स्वयंगोल’ ही नोंद अधिक ग्राह्य वाटते. पुढे बायर्नने १९८५ ते १९८७ अशी सलग तीन लीगविजेतेपदे मिळवली. १९८७ च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात मात्र पोर्तुगालच्या पोर्तो क्लबाने बायर्नला २–१ असे हरवले. पोर्तोच्या माद्जेरने टाचेने मारलेला गोल फाफवरच झाला.

१९८६ च्या मेक्सिकोतील विश्वचषकात बेल्जियम चौथा आला. प्वेब्ला येथे स्पेनविरुद्ध १–१ बरोबरीनंतर पेनल्टींवर निकाल लागला. फाफने एलोयचा फटका अडवला, बेल्जियमच्या पाचही जणांनी गोल केले. या स्पर्धेचा सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून काही याद्यांत त्याचे नाव येते. परंतु सोव्हिएत गोलरक्षक लेव्ह याशिनच्या नावाचा अधिकृत पुरस्कार १९९४ पासूनचा (पहिला मानकरीही बेल्जियमचाच, मिशेल प्रुडोम). त्यामुळे तो नंतरचा अभिप्राय समजावा. १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉल इतिहास व सांख्यिकी महासंघाने त्याला जगातील सर्वोत्तम गोलरक्षक ठरवले. या निवडीचे ते पहिलेच वर्ष.

राष्ट्रीय संघाकडून ६४ सामने (१९७६–८७). अखेरीस लिर्स व तुर्कस्तानचा त्राब्झोनस्पोर या क्लबांकडून खेळून तो निवृत्त झाला. २००४ मध्ये पेलेने निवडलेल्या महान खेळाडूंच्या यादीत त्याचा समावेश आहे. बेल्जियमच्या तरुण पिढीला तो अधिक परिचित आहे तो त्याच्या कुटुंबावरील दूरचित्रवाणी मालिकेमुळे.