जुनी ग्रेड पुसली जात नाही: व्हेट स्कूलसाठी कोर्स पुन्हा घेणाऱ्यांना आमचं माहितीपत्रक

सेमिस्टरच्या ग्रेड लागल्या की आमच्या कार्यालयातले फोन सुरू होतात. विचारणा बहुतेक एकच असते: "ऑरगॅनिक केमिस्ट्रीला सी आलाय, परत घेऊन टाकू का?" २०२५ मध्ये रोवन विद्यापीठाचं श्रायबर स्कूल सुरू झालं. न्यू जर्सीतलं ते पहिलंच व्हेट स्कूल, म्हणजे पशुवैद्यकीय कॉलेज. तेव्हापासून इथल्या मराठी घरांतून ही चौकशी अजूनच वाढली आहे. शेवटचा सल्ला प्रत्येक मुलासाठी वेगळा निघतो, पण त्याआधीचा अर्धा तास आम्ही सगळ्यांना तेच सांगत बसतो. ते इथे लिहून ठेवलं आहे. भेटीला येण्यापूर्वी मुलानं आणि आई-वडिलांनी, दोघांनीही वाचावं, म्हणजे भेटीचा वेळ तुमच्या मुलाच्या कागदांवर खर्च होईल.

प्रीरिक्विझिट (प्रवेशासाठी आधी पूर्ण करायचे कोर्स) म्हणजे काय, क्रेडिट कसं मोजतात, अर्ज व्हीएमकॅस या व्हेट स्कूलच्या सामाईक अर्जपद्धतीवरून जातो, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. भारतातून बीव्हीएससी, म्हणजे पशुवैद्यकीय पदवी, घेऊन आलेल्यांसाठी मात्र हे पत्रक नाही. त्यांना इथे परवाना मिळवायला ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह या परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या कार्यक्रमांपैकी एका मार्गानं जावं लागतं. त्यांनी ऑरगॅनिकची जुनी ग्रेड सुधारण्यात पैसे घालू नयेत.

आता मुद्द्याचं. कोर्स पुन्हा घेतला म्हणून पहिली ग्रेड जात नाही. व्हीएमकॅसला दोन्ही वेळचा कोर्स दाखवावा लागतो आणि व्हीएमकॅस जो जीपीए (ग्रेडची सरासरी) काढतं त्यात दोन्ही ग्रेड धरल्या जातात. दुसऱ्यांदा ए मिळो की ए मायनस, पहिला डी तिथेच राहतो.

हे ऐकून पालक दचकतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. बारावीला श्रेणीसुधाराला बसलं की जास्त गुणांची गुणपत्रिका पुढे करायची, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यात इथली कॉलेजंही भर घालतात. बऱ्याच कॉलेजांत ग्रेड बदलून घ्यायची सोय आहे. रटगर्ससारख्या ठिकाणी नापास किंवा डी मिळालेला कोर्स नियमात बसवून पुन्हा घेतला, तर जुन्या ग्रेडच्या आधी ई लागतो आणि ती कॉलेजच्या सरासरीतून बाहेर पडते. ट्रान्स्क्रिप्टच्या (कॉलेजच्या गुणपत्रिकेच्या) तळाशी वाढलेला जीपीए दिसतो आणि मुलाला वाटतं, सुटलो. तो जीपीए खोटा नाही. मात्र तो त्या कॉलेजच्या नियमानं काढलेला आहे. व्हीएमकॅसचा नियम वेगळा आहे आणि सगळ्या कॉलेजांच्या मुलांना तो सारखाच लागतो.

इंटरनेटवरचा जुना सल्लाही या गोंधळाला कारण आहे. ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजांच्या अर्जपद्धतीत पूर्वी नवी ग्रेड जुनीची जागा घेत असे. २०१७ मध्ये ती सवलत बंद झाली. ती डॉक्टरांच्या प्रवेशाची गोष्ट होती, तरी त्या काळातले सल्ले अजून फिरतात आणि प्री-व्हेटची मुलं ते आपल्यासाठीच आहेत असं समजतात.

यातूनच ती चूक होते जिच्यापायी आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. मूल अर्जात फक्त नवा कोर्स भरतं आणि जुना वगळतं. त्यात लबाडी नसते. कॉलेजनं काढून टाकला म्हणजे आपणही काढायचा, एवढाच त्याचा समज असतो. पडताळणी करणाऱ्यासमोर मात्र ट्रान्स्क्रिप्ट असते आणि त्यात जुना कोर्स ठळक छापलेला असतो. अर्ज दुरुस्तीला परत येतो. अंतिम तारीख अलीकडच्या वर्षांत १५ सप्टेंबरच्या आसपास असते आणि पडताळणीची रांग नेमकी त्याच सुमाराला लांबते. अर्ज परत आला की रांगेत पुन्हा उभं राहावं लागतं. आमच्याकडे ऑगस्ट अखेरीस धावत येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं, आणि ते जून महिन्यात एका बैठकीत मिटलं असतं.

नोंद कशी करायची ते एकदा नीट पाहा. समजा फॉलमध्ये ऑरगॅनिक केमिस्ट्री १ ला डी आला आणि पुढच्या समरमध्ये तोच कोर्स त्याच कॉलेजात पुन्हा घेऊन बी प्लस मिळाला. अर्जात फॉलच्या खाली कोर्स नंबर, नाव, ४ क्रेडिट आणि डी. समरच्या खाली पुन्हा तोच नंबर, तेच नाव, ४ क्रेडिट आणि बी प्लस. दोन्हींवर "रिपीटेड" ही खूण. कॉलेजनं जुन्या ग्रेडच्या आधी एखादं अक्षर जोडलं असलं तरी मूळ ग्रेड भरायची. ट्रान्स्क्रिप्टवर जुन्या कोर्सला क्रेडिट शून्य दाखवलं असेल, तर मूळ क्रेडिट किती होतं ते पाहूनच नोंद करायची. तोच विषय दुसऱ्या कॉलेजात घेतला असेल तर "रिपीटेड"ची खूण करायची नाही. ते दोन स्वतंत्र कोर्स म्हणून जातात. डब्ल्यू घेऊन मध्येच सोडलेला कोर्सही भरावा लागतो. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट घेतले असतील तर त्या कॉलेजची ट्रान्स्क्रिप्टही लागते. ही शेवटची गोष्ट मुलं हमखास विसरतात. आईच्या मात्र ती लक्षात असते, म्हणून पहिल्या भेटीला आई-वडिलांपैकी कोणीतरी सोबत यावं असा आमचा आग्रह असतो.

मग कोर्स पुन्हा घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण आकडा मांडून. एका मुलीचे १२० क्रेडिट झालेत आणि जीपीए ३.२० आहे असं धरा. म्हणजे १२० गुणिले ३.२०, ३८४ गुणांक (प्रत्येक क्रेडिटला ए चे ४, बी चे ३, सी चे २). तिनं ४ क्रेडिटचं ऑरगॅनिक, ज्यात सी होता, पुन्हा घेऊन ए मिळवला. आता ४०० गुणांक भागिले १२४ क्रेडिट, म्हणजे ३.२३. जुना सी पुसला गेला असता तरीही जीपीए ३.२७ च झाला असता. एका सबंध सेमिस्टरची मेहनत आणि फी घालून एकूण जीपीए जेमतेम हलतो. हे गणित आम्ही मुलांकडून समोर कागदावर करून घेतो. स्वतःच्या हातानं भागाकार केला की पुढचं बोलणं सोपं होतं.

पण व्हेट स्कूल एकूण जीपीए हा एकच आकडा बघत नाहीत. कोणी विज्ञान विषयांचा वेगळा जीपीए बघतं, कोणी फक्त प्रीरिक्विझिटचा, आणि पुष्कळ ठिकाणी शेवटच्या ४५ सेमिस्टर क्रेडिटचा. पुन्हा घेतलेल्या कोर्सचं काय करायचं हेही प्रत्येक स्कूल स्वतः ठरवतं: कुठे दोन्ही ग्रेडची सरासरी, कुठे नंतरची ग्रेड, कुठे जास्तीची. तीच मुलगी, तोच सी आणि तोच ए. एका स्कूलच्या हिशेबात ऑरगॅनिक ३.० धरलं जातं, दुसऱ्याच्या हिशेबात ४.०. म्हणून "परत घेऊ का?" याच्या आधी "अर्ज कुठे करणार?" हे ठरवावं लागतं. यादी हातात नसेल तर आम्ही हो किंवा नाही सांगत नाही. काही पालकांना ही टाळाटाळ वाटते. यादीशिवाय दिलेला सल्ला त्यांच्या पैशांवर लावलेला अंदाज ठरतो, आणि तसा सल्ला आम्हाला द्यायचा नाही.

शेवटच्या ४५ क्रेडिटचा हिशेब तर जरूर समजून घ्या. वरच्याच मुलीचा त्या ४५ क्रेडिटचा जीपीए ३.३० आहे असं धरू. तिनं बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, इम्युनॉलॉजी असे वरच्या पातळीचे १२ नवे क्रेडिट घेतले, सगळ्यांत ए मिळवला आणि मागून बी सरासरीचे १२ क्रेडिट गळले, तर आकडा ३.५७ वर जातो. नुसतं ४ क्रेडिटचं ऑरगॅनिक पुन्हा घेऊन ए मिळवला आणि बी सरासरीचे ४ क्रेडिट गळले, तर तोच आकडा ३.३९ पर्यंत येतो. शिवाय नव्या कोर्समधून समितीला दिसतं की मूल अवघड विज्ञान पेलू शकतं. सी किंवा सी प्लस असलेल्या मुलांना आम्ही बहुतेक वेळा याच वाटेला लावतो. त्यात आमची फी कमी होते, कारण नवे कोर्स निवडणं हे एका बैठकीचं काम असतं.

डी किंवा एफ असेल तर प्रश्न वेगळा. बहुतेक स्कूलना प्रीरिक्विझिटमध्ये सी किंवा सी मायनस तरी लागतो. त्याखालची ग्रेड म्हणजे अट पुरी झालेली नाही, आणि कोर्स पुन्हा घेणं भागच आहे. सी मायनस असेल तर आपल्या यादीतल्या प्रत्येक स्कूलची किमान ग्रेड तपासा, कारण एकाच यादीत दोन्ही प्रकारची स्कूल निघतात. मुदतीचाही प्रश्न असतो. काही ठिकाणी प्रीरिक्विझिट सहा, सात किंवा दहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाहीत. लग्न, मुलं, नोकरी यांतून पुन्हा शिक्षणाकडे वळलेल्या आमच्या ग्राहकांना ए मिळालेला कोर्सही पुन्हा घ्यावा लागतो, आणि ते ऐकताना त्यांना किती वाईट वाटतं हे आम्ही पाहिलं आहे. टेक्सासचे रहिवासी असाल तर तिथला अर्ज टीएमडीएसएएस या त्या राज्याच्या स्वतंत्र अर्जपद्धतीवरून जातो आणि दहा वर्षांपूर्वीचं शिक्षण बाजूला ठेवण्याची कायदेशीर सोय त्या राज्यात आहे. मात्र ती घेतली की त्या काळातल्या चांगल्या ग्रेडही जातात.

कुठे घ्यायचा? जनरल केमिस्ट्री, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स कम्युनिटी कॉलेजात घ्यायला बहुतेक स्कूलची हरकत नसते आणि फीमध्ये मोठा फरक पडतो. बायोकेमिस्ट्रीसारखा विषय काही स्कूलना चार वर्षांच्या कॉलेजातला, वरच्या पातळीचाच हवा असतो. लेक्चर आणि लॅब यांच्या वेगळ्या ग्रेड असतील आणि लॅबची चांगली असेल, तर फक्त लेक्चर पुन्हा घ्या. ऑनलाइन लॅब घेण्याआधी यादीतल्या प्रत्येक स्कूलला ईमेल करून लेखी उत्तर मागवा.

कधी घ्यायचा, याकडे मुलं सर्वांत कमी लक्ष देतात. सप्टेंबरमध्ये अर्ज जाताना जो कोर्स चालू आहे किंवा पुढे घ्यायचा आहे, तो नियोजित म्हणून दिसतो. त्याची ग्रेड त्या जीपीएत येत नाही. फॉलमध्ये पुन्हा घेतलेलं ऑरगॅनिक त्या वर्षीच्या जीपीएला उपयोगी पडत नाही. ते स्प्रिंग किंवा समरमध्ये संपलेलं असावं. मात्र दोन्ही ऑरगॅनिक एका समरमध्ये, वर क्लिनिकमधली पूर्ण वेळ नोकरी, असा बेत घेऊन कोणी आलं तर आम्ही स्पष्ट नको म्हणतो. दुसऱ्यांदाही सी आला तर ते अर्जात झाकायला जागा उरत नाही. पहिल्या वेळी नेमकं काय चुकलं, वेळ कमी पडला, घरचं आजारपण होतं, की रासायनिक अभिक्रियांचे टप्पे पाठ केले पण समजले नाहीत, याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुन्हा नाव नोंदवू नका.

पैशांबद्दल थोडं. उत्तीर्ण झालेला कोर्स, आणि डी बहुतेक ठिकाणी उत्तीर्णच धरतात, फेडरल मदतीच्या हिशेबात एकदाच पुन्हा घेता येतो. त्यानंतर आणखी एकदा घेतला तर तो मदतीसाठीच्या क्रेडिटमध्ये धरला जात नाही, आणि त्यामुळे पूर्ण वेळ विद्यार्थी हा दर्जा खाली येऊ शकतो. नाव नोंदवण्याआधी फायनान्शियल एड कार्यालयात विचारा. एच-४ (आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) वर असलेल्या मुलांनी आणखी एक पाहावं: वयाची २१ वर्षं पूर्ण झाली की तो दर्जा संपतो, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेल्यावर एखादाच कोर्स घेऊन इथे राहता येत नाही. पदवी झाल्यावर एक वर्ष कोर्स सुधारण्यात घालवायचा बेत असेल, तर आधी इमिग्रेशन वकिलाशी आणि कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोला. व्हिसाचा सल्ला आम्ही देत नाही.

आमच्या पद्धतीबद्दल दोन तक्रारी वारंवार येतात. एक, सगळ्या कॉलेजांच्या ट्रान्स्क्रिप्ट हातात आल्याशिवाय आम्ही भेटीची वेळ देत नाही. दोन, १ ऑगस्टनंतर त्या वर्षीच्या अर्जाचं नवं काम घेत नाही. दोन्हींचं कारण वर आलंच आहे. एक ट्रान्स्क्रिप्ट कमी असली तर कोर्सच्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागतात, आणि ऑगस्टात अर्ज परत आला तर आधीपासून आमच्याकडे असलेल्या मुलांचा वेळ त्यात जातो. प्रवेशाची हमी आम्ही देत नाही. कोर्स पुन्हा घ्यायची गरज नसेल तर ते पहिल्याच भेटीत सांगतो आणि पुढची फी घेत नाही.

ट्रान्स्क्रिप्टची पहिली पाहणी आम्ही विनामूल्य करतो. त्यासाठी प्रत्येक कॉलेजची पूर्ण पीडीएफ पाठवा, फोनवर काढलेले स्क्रीनशॉट नकोत. ग्रेडच्या अक्षरांचा खुलासा असलेलं मागचं पान सोबत असू द्या. अर्ज करायच्या स्कूलची यादी, अगदी कच्ची असली तरी, पाठवा. आणि पुन्हा घ्यायच्या कोर्सची नोंदणी, त्याला पैसे भरणं, हे उत्तर येईपर्यंत थांबवा. ॲड-ड्रॉपची (कोर्स घ्यायची किंवा सोडायची) मुदत जवळ आली असेल तर ईमेलच्या विषयात ती तारीख लिहा, तो अर्ज आम्ही आधी हातात घेतो.